तिकडं वारा पडला का?

आपा, तुझी नसीम आली. तुला नेल्यावर आली, पण आली. तुझ्या पलंगावर बसते, झोपत मात्र नाही. रात्री खाली सतरंजी टाकून पडते अन् सकाळी बघावं तर डोळे लाल. उद्या तुझा चाळिसावा. तो झाला की ती परत जाईल, तिकडं तिच्या कॅरिबूंकडं. आल्यापासून ती मला एकच विचारत होती, कधी सरळ, कधी आडून. "कौसाखाला, अम्मी शेवटी काय म्हणाली? मला बोलवा म्हणाली का?" मी तिला चहा द्यायची. निवडायला मेथी द्यायची. बोलायची नाही. आज दुपारपर्यंत बोलले नव्हते. का, ते तुला चांगलं ठाऊक आहे. गाठ तूच मारून गेलीस.

लोक गेलेल्या माणसावर लिहितात तेव्हा जन्म कुठं, लग्न कधी, असं लिहितात. मला तसं जमणार नाही. मी शाळेत गेलेली बाई नाही, अक्षरं मला दुकानांच्या पाट्यांनी शिकवली. बोलते तसंच लिहिते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कौसे, थोडं कमी बोल गे, कागद दुखंल." दुखू दे.

मुकुंदवाडीत स्टेशनच्या अंगाला आपली घरं दोन अन् भिंत एक; परसात ती कमरेएवढीच, तिच्यावरून वाट्या जायच्या-यायच्या. तू खुलताबादहून आलेली, मी देवगाव रंगारीकडची, मेंढरांच्या घरातली. तुझी शिलाई मशीन सुरू झाली की माझ्या मांडणीतली भांडी वाजायची. नसीम लहान असताना कोणत्या घरात जेवली अन् कोणत्या घरात झोपली, याचा हिशोब आपण कधी ठेवलाच नाही. ती शिकली, लांब गेली, अन् गल्लीतल्या बाया तुला विचारायला लागल्या, "आपा, पोरगी डॉक्टर झाली का तिकडं?"

तू म्हणायचीस, "नाय. हरणं मोजती."

"अगं बया! त्याच्यासाठी एवढ्या लांब? आपल्याकडं काळवीट काय थोडे हायेत?"

तू नुसती दोरा दातानं तोडायचीस.

कॅरिबू म्हणजे उत्तरेकडच्या बर्फातलं मोठं हरीण. हे तुला नाही सांगत, वाचणाऱ्यांना सांगते. हजारोंनी चालतं ते. थंडीत झाडांच्या रानात राहतं अन् थंडी सरता सरता उघड्या माळाकडं निघतं. आधी कोण निघतं? गाभण्या. बर्फ तुडवत, नद्या ओलांडत, आपल्या आया जिथं व्याल्या त्याच माळावर जाऊन व्यायचं म्हणून. नर मागून येतात, रमतगमत, हिरवं फुटल्यावर. नसीमनं हे सांगितलं तेव्हा तू म्हणालीस, "मर्दां सब जगे एक जैसे," अन् माझ्या हातातली बशी सांडता सांडता राहिली.

पाटलाचं आठवतं? पहिल्या हिवाळ्यात नसीमनं व्हिडिओ पाठवला होता. सगळीकडं बर्फ. त्यात एक शिंगाळं जनावर पुढच्या पायानं खड्डा उकरून खातंय. दुसरं कोणी जवळ आलं की मान खाली घालून अंगावर जायचं. त्याच्या गळ्यात पट्टा होता. आपण त्याचं नाव पाटील ठेवलं. दर रविवारी फोनवर पहिलं विचारायचं, "पाटील कसे हायेत?" मग एकदा नसीमला शंका आली. "कोण पाटील?"

"अगं ते शिंगवालं, पट्ट्याचं."

ती इतकी हसली की फोन तिच्या हातातून पडला, आपल्याला नुसतं तिच्या घराचं छत दिसत होतं. "खाला, ती बाई आहे. पोटुशी आहे. नरांची शिंगं थंडीच्या तोंडालाच गळून जातात. ही मात्र पिल्लू होईस्तोवर ठेवते, आपल्या खड्ड्यातलं कुणी खाऊ नये म्हणून."

तू कपाळावर हात मारून घेतलास. म्हणालीस, "बघ कौसे, सगळा हिवाळा आपुन तिला पाटील म्हणून मान दिला. बाई हाय कळलं असतं तर?"

मी म्हटलं, "तर म्हणलो असतो, लई भांडखोर हाय."

तेव्हापासून ती पाटलीणबाई झाली.

ती खड्ड्यातून काय खाते, ते कळलं तेव्हा तर कमालच झाली. नसीम म्हणाली, तुमच्या काळ्या मसाल्यात दगडफूल घालता ना, त्याचीच बहीण. मी उठून डबा आणला, फोनपुढं धरला. "हे?" "हां खाला, असंच, पण जमिनीवर उगवणारं, पांढरट." तू दगडफुलाचा तुकडा नाकाला लावलास अन् म्हणालीस, "मंजे त्याचं गोश्त मसाल्यासकटच तयार हुतं." तिकडं नसीमच्या मागं तिच्याबरोबर काम करणारी एक बाई उभी होती. तिला नसीमनं हे तिच्या भाषेत सांगितलं, तर ती पण हसली. तू दोन दिवस गल्लीत सांगत होतीस की तुझ्या एका बोलण्यावर बर्फातली बाई हसली.

आपलं खरं भांडण मोजण्यावरून झालं. ते काही मिटलं नाही.

आमच्यात जितराब मोजत नाहीत. माझा बाप सांजच्याला वाघरीच्या तोंडाशी उभा राहायचा. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. एकेक मेंढरू आत जाताना तो नुसता बघायचा अन् म्हणायचा, "काळ्या कानाची मागं राहिली, जा रे कुणीतरी." आकडा तोंडातून काढायचा नाही. मोजलं की नजर लागते, अशी आमची समज. आता मी ह्याच समजुतीत वाढलेली, अन् तुझी लेक काय करते? विमानात बसून सगळा कळप मोजते. त्यात ती म्हणाली की कळप आटत चाललाय. मी तुला तोंडावर म्हटलं, "आपा, राग मानू नकोस, पण तुमी मोजता म्हणूनच ती कमी हुतात."

पुढं बरेच दिवस भिंतीवरून वाटी आली नाही. मशीनसुद्धा रागारागानं चालायची.

मग एका दुपारी स्वतःच आलीस, उंबऱ्यावर उभी राहिलीस. "तुझ्या बापाला चेहरे पाठ होते का?"

"व्हते."

"काळ्या कानाची गेली ते कळायचं?"

"कळायचं."

"मग ते मोजणंच झालं की गे! तोंडानं नाय मोजलं, डोळ्यानं मोजलं. माझ्या पोरीचा कळप डोळ्यात मावत न्हाई, म्हणून ती आकडा धरती."

मी म्हटलं, "बाप आकडा बोलत नव्हता ना पण." तू म्हणालीस, "जिद्दी बाई." हे तसंच राहिलं. आता तू नाहीस म्हणून मी हरले असं समजू नकोस.

पण नसीमनं कळप आटायची गोष्ट सांगितली ती मला पटली, कारण मी मेंढरं बघितलेली आहेत. कळप वाढला की चारा उडतो. दगडफूल तर असं हळू वाढतं की एकदा खाल्लं-तुडवलं की परत यायला माणसाचं अर्धं आयुष्य जातं. मग आया रोडावतात. रोडावलेली आई गाभण राहत नाही, राहिली तर पिल्लू अशक्त, लांडग्याच्या तोंडी. कळप ओसरतो, रान भरतं, कळप पुन्हा वाढतो. म्हातारी माणसं तिकडं सांगतात, असं चढउतार होतच आलंय. पण आता हवा फिरली आहे. भर थंडीत पाऊस पडतो, त्याचा बर्फावर कडक पापुद्रा बसतो, खूर आत जात नाही. वाटेत रस्ते झालेत. या खेपेला खाली गेलेला कळप वर येईल का? नसीम म्हणाली, छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकत नाही. म्हणून मोजायचं. तिथली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या कळपावर जगलेली. आकडा आल्याशिवाय यंदा शिकार करायची का सोडून द्यायची, हे त्यांचं त्यांना ठरवता येत नाही.

अन् मोजायचे दिवस मोजकेच. पिल्लं झाली, पायावर उभी राहिली, की डास उठतात. कसले डास, जनावरांना वेड लावणारे. डासांना कंटाळून सगळा कळप एका जागी दाटतो, अंगाला अंग लावून. तेव्हाच वरून फोटो काढायचे, मग फोटोतून एकेक मोजायचं. वारा सुटला की डास बसतात अन् कळप पांगतो. धुकं आलं की विमान उडत नाही. गेल्या साली धुक्यानं सगळी मोजणी वाया गेली होती. नसीम फोनवर रडली होती तेव्हा.

आणि यंदा, बरोबर त्याच दिवसांत, तुझा श्वास आटला.

डॉक्टर म्हणाले हृदय थकलंय, पाणी भरतंय. घरी ऑक्सिजनची मशीन आली. मी म्हटलं, नसीमला सांगू. तू माझा हात धरलास. "नक्को कौसे. तिला बोलना नक्को. डास उठायचे दिन हायेत." रविवारी फोन आला की नाकातली नळी काढायचीस, चांगली ओढणी घ्यायचीस, पाठीला दोन उशा लावून बसायचीस. एकदा नसीमनं विचारलं, "अम्मी, तो आवाज कसला?" तू डोळा न मिचकावता म्हणालीस, "कौसाचा मिक्सर. खराब झालाय." मी तिकडं कोपऱ्यात तोंडात पदर कोंबून उभी. हसू येत होतं अन् दुसरंही काही येत होतं.

फोन ठेवला की आपलं जुंपायचं.

"आपा, माझ्या लेकी देवगावात हायेत. एक शिंक दिली तर पहिल्या एसटीनं येत्यात. तुझीला निदान ठावं तरी करून दे."

"पाटलीणबाई व्यायला जाती तवा मागच्या सालचं पिल्लू मागं सोडून जाती का नाय? तिला जायचं असतं. त्याला त्याचं त्याचं चरायचं असतं."

"ती नव्या पिल्लासाठी सोडती. तुला आता कोणतं नवं पिल्लू व्हायचंय, सांग!"

तू हसायला लागलीस अन् हसता हसता तुझा दम कोंडला. मी नळी लावली, पाठ चोळली. दम परत आल्यावर पहिलं काय बोललीस? "जवाब चांगला दिला गे."

नंतर भांडायची ताकद गेली. मग रोज सकाळी एवढंच विचारायचीस, "तिकडं वारा पडला का?" मी माझ्या नातवाच्या जुन्या फोनवर तिथलं हवामान बघायला शिकले. आपा, मला आपल्या गावचं हवामान बघायचं माहीत नव्हतं, तुझ्यापायी मी बर्फातलं बघितलं. "नाय पडला. लई वारा हाय." तू मान हलवायचीस. वर चिकलठाण्याला उतरणारं विमान घरघरत जायचं, तू डोळे मिटून ऐकायचीस. त्या वेळी तू कोणत्या विमानात बसलेली असायचीस, ते मला कळायचं.

अन् मग वारा पडला. सांजच्याला फोन आला. तिकडं सकाळ होती, पण त्या दिवसांत तिकडं सूर्य बुडतच नाही म्हणे, म्हणून रात्रभर उडत होते. नसीमचा आवाज बसलेला, पण नुसता नाचत होता. "अम्मी, झालं! सगळे एका जागी होते. सगळा माळ भरलेला, पिल्लंच पिल्लं. सगळे फोटो झाले. आता मी झोपते अम्मी, मला उभं राहवत नाही."

"सो जा बेटा," तू म्हणालीस. त्या दिवशी नळी काढायला तू विसरली होतीस, पण तिकडं तिलाही ते दिसलं नाही, इतकी ती पेंगत होती.

फोन बंद झाला. मी लगेच म्हटलं, "आता झालं ना तिचं काम? आता लाव फोन. आताच्या आता सांग."

तू उशीवर मान टाकलीस. किती दिवसांनी तुझं तोंड असं मोकळं दिसलं होतं. म्हणालीस, "कल सांगू. आज तिला झोपू दे. आवाज बघितला का, कसा बारीक झाला? थकलेली हाय पोरगी."

मी म्हटलं, "बरं. उद्या."

पहाटेच्या अजानच्या आधीच तू गेलीस.

तुझ्या भावानं नसीमला फोन केला तेव्हा ती झोपलेलीच होती. तुला खुलताबादला तुझ्या आईबापाजवळ नेलं. बाया कब्रस्तानात जात नाहीत, मी दारात उभी राहिले. तुझ्या घरातली शेवटची चप्पल बाहेर पडली अन् भिंतीच्या पलीकडं कुणीच नाही, हे मला पहिल्यांदा कळलं. तेव्हापासून माझी भांडी वाजलेली नाहीत, आपा. मांडणी अशी गप मी कधी बघितली नव्हती. दुपारी काही चांगलं झालं की वाटी भरते, भिंतीपर्यंत जाते, परत येते.

आता सांग, नसीमला मी काय सांगायचं होतं? तुझं शेवटचं बोलणं एक होतं, पण त्याला तोंडं दोन. "आज झोपू दे" हे सांगितलं तर तिला कळणार की आपण झोपलो म्हणून राहिलं. "कल सांगू" हे सांगितलं तर कळणार की एका दिवसानं हुकलं. एक सांगून दुसरं लपवता येत नव्हतं. काहीतरी गोड बनवून सांगावं, असंही मनात आलं. अम्मीनं तुझं नाव घेतलं, हाका मारल्या, असं. पण ती मोजणारी पोरगी. तिला खोटा आकडा देऊन चाललं नसतं.

आज दुपारी उद्यासाठी तांदूळ निवडत बसलो होतो. या खेपेला तिनं विचारलं नाही. ताटातल्या खड्यांकडं बघत म्हणाली, "खाला, अम्मी जात होती अन् मी झोपले होते. मला आता झोपायचीच भीती वाटते."

मग मात्र मला राहवलं नाही. सगळं सांगितलं. नळीचं, उशांचं, मिक्सरचं. रोज वारा विचारायचीस ते. अन् शेवटचं, जसंच्या तसं, दोन्ही तोंडांसकट.

आधी ती भडकली. ताट सरकवलं, तांदूळ सांडले. "तुम्ही तरी सांगायचं होतं! तुम्हाला काय झालं होतं?" मी म्हटलं, "व्हय, सांगता आलं असतं." तुझ्यावर काही ढकललं नाही. मग ती सांडलेले दाणे एकेक वेचायला लागली. वेचता वेचता तिनं विचारलं, "थकलेली आहे म्हणाली?"

"व्हय. आवाज बारीक झालाय म्हणाली."

"हसत होती का?"

"लई खुश होती. तुझ्या पिल्लांनी भरलेल्या माळाचं ऐकून तिचं तोंड बघायला पाहिजे होतंस."

"अन् झोपू दे म्हणाली. मला."

"तुलाच."

ती उठली. तुझ्या पलंगावर गेली, आपल्या दोघींच्या भिंतीकडं तोंड केलं अन् आडवी झाली. मला वाटलं रडेल. थोड्या वेळानं बघितलं तर तोंड उघडं टाकून झोपलेली, लहानपणी माझ्या घरात झोपायची तशी.

आपा, तू चुकलीस. हे मी अजून म्हणते. पोरीला तुझं तोंड बघू द्यायला पाहिजे होतंस. तिथल्या लोकांचा माळ महत्त्वाचा, कबूल, पण फोटो झाल्यावर तरी? त्या सांजेला तरी? एक फोन होता गं. तू असतीस तर यावर काहीतरी बोलली असतीस, अन् ते मला कदाचित पटलंही असतं, अन् मी तुला पटलं असं कळू दिलं नसतं. कुणाशी भांडू मी आता? बाकीच्या बाया माझं ऐकून घेतात. नुसतं ऐकून घेतात.

समोरच्या घरची सून आत्ता उद्याचं विचारायला आली होती. मी ओठावर बोट ठेवलं, लांबूनच परत पाठवली. एक पोरगा गाडीचा हॉर्न वाजवत आला, त्याला हातानंच थांबवला. वरून विमान गेलं, त्याला काही करता आलं नाही, पण ती जागी झाली नाही. ऊन तुझ्या दारात माझ्या पायापर्यंत आलंय. मी तुझ्याच उंबऱ्यावर बसून हे लिहितेय. तिची झोप पुरी होईस्तोवर इथनं उठणार नाही.